क्रेनियल नर्व्ह: ‘संवेदी की प्रेरक’ पाठ असूनही तपासताना गोंधळ का उडतो?

चेताक्षर

मेंदूपासून थेट निघणाऱ्या नर्व्हच्या बारा जोड्यांचं कोष्टक सगळ्यांनाच पाठ असतं. १, २, ८ संवेदी (खबर आणणाऱ्या). ३, ४, ६, ११, १२ प्रेरक (हुकूम नेणाऱ्या). ५, ७, ९, १० मिश्र. कागदावर ते बरोबरच आहे. पण समोर रुग्ण बसला की हेच कोष्टक आडवं येतं. ‘सातवी मिश्र’ म्हटलं की डोळ्यांपुढे एकच जाड दोरी येते: गेली तर सगळी गेली, राहिली तर सगळी राहिली. तसं नसतं. त्या दोरीत वेगवेगळ्या कामांचे तंतू एकत्र बांधलेले असतात आणि ते वाटेत निरनिराळ्या ठिकाणी फुटून जातात.

सातवीचंच बघू. कवटीच्या हाडातल्या अरुंद नळीतून जाताना तिचा पहिला फाटा अश्रुग्रंथीकडे जातो. दुसरा मधल्या कानातल्या स्टेपिडियस या चिमुकल्या स्नायूला. मोठा आवाज आला की हा स्नायू रिकिबीचं हाड आवळून धरतो. तिसरा फाटा कॉर्डा टिम्पनी: जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चव आणि जबड्याखालच्या व जिभेखालच्या लाळग्रंथी. हे सगळे गेल्यावर उरलेली नर्व्ह कानामागच्या छिद्रातून बाहेर येते आणि चेहऱ्याचे स्नायू हलवते. म्हणून तोंड वाकडं झालेल्या माणसाला तीन प्रश्न विचारायचे: त्या बाजूच्या कानात भांड्यांचा आवाज असह्य होतो का? चव बदलली का? डोळा कोरडा पडला का? तिन्हींना ‘नाही’ आलं आणि चेहरा मात्र लुळा असेल, तर बिघाड बहुधा छिद्राच्या बाहेर आहे. अशा वेळी पॅरोटिड, म्हणजे कानासमोरची लाळग्रंथी, चाचपून बघायला विसरू नका.

बाकीच्यांनी आपापल्या आवडीच्या नर्व्हवर लिहावं. क्रम पाळायची गरज नाही.

कुतूहल१२

पॅरोटिडला लाळेचा हुकूम सातवीच देते ना? ती त्या ग्रंथीतूनच जाते की.

चेताक्षर

जाते, पण फुकटची पाहुणी. ग्रंथीच्या पोटात तिच्या पाच शाखा होतात, पण ग्रंथीला ती काहीही देत नाही. पॅरोटिडची लाळ नववीच्या ताब्यात. तोंडी परीक्षेतला हा जुना सापळा आहे.

उजवा_डावा

वरच्या माहितीत एक पुरवणी. बेल्स पाल्सीत (सातवी सुजून चेहऱ्याची एक बाजू अचानक लुळी पडते तो आजार) सूज नळीत बरीच लांबवर असते, त्यामुळे ‘चव गेली म्हणजे बिघाड अमुक मिलिमीटरवर’ असला हिशोब तिथे फसतो. फाट्यांचा उपयोग ढोबळ अंदाजापुरता करा.

आता कपाळ. वरचा (मेंदूतला) बिघाड की खालचा (नर्व्हमधला), हे कपाळावरून ठरतं हे सगळे सांगतात. कारण थोडेच सांगतात. कपाळाच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशींना मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून तारा येतात. ओठ-गालांच्या पेशींना मुख्यतः विरुद्ध बाजूकडूनच. म्हणून पक्षाघातात एका बाजूची तार तुटली तरी कपाळावर आठ्या पडतात, फक्त तोंडाचा कोपरा ओघळतो. नर्व्हच तुटली तर दोन्हीकडून आलेले हुकूम पोचवणार कोण? कपाळ सपाट, डोळा उघडा, ओठ ओघळलेला.

तपासताना नुसतं ‘भुवया उचला’ म्हणू नका, छताकडे बघायला सांगा. आठ्या आपोआप पडतात आणि नाटकीपणा टळतो. मग डोळे घट्ट मिटायला सांगून पापण्या उघडायचा प्रयत्न करा. निरोगी बाजूला पापण्यांचे केस जवळजवळ आत गडप होतात. किंचित अशक्त बाजूला ते बाहेर लांब दिसतात. सौम्य अशक्तपणा पकडायला याहून सोपी खूण नाही. डोळा मिटत नसेल तर बुबुळ वर सरकतं आणि फटीतून पांढरं दिसतं. बुबुळ निरोगी माणसातही असंच वर जातं, फक्त मिटलेल्या पापणीमागे ते दिसत नाही.

साधा_प्रश्न

बेल्स पाल्सी आपोआप बरी होते असं म्हणतात. मग घाई कशाची?

उजवा_डावा

बहुतेकांची होते. घाई दोन गोष्टींची. पहिली, स्टेरॉइड गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर पूर्ण बरं होण्याची शक्यता वाढते. मात्र ते डॉक्टरांनी तपासूनच. दुसरी, डोळा. पापणी मिटत नाही, पाणी पसरत नाही, बुबुळाचा पृष्ठभाग वाळतो आणि त्यावर जखम होते. चेहरा सुधारतो, बुबुळावरचा डाग मात्र राहतो. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, झोपताना मलम आणि पापणी नीट मिटवून चिकटपट्टी. पट्टी सैल लावली तर तिच्याखाली डोळा उघडतो आणि पट्टीच बुबुळाला घासते. कानात पुरळ किंवा फोड दिसले तर ते वेगळं प्रकरण: नागिणीचा विषाणू, रॅम्से हंट. कानाच्या आत डोकावल्याशिवाय ‘बेल्स’ हा शिक्का मारू नये. आणि कपाळ शाबूत असेल, सोबत हात लटका पडला असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर ७२ तासांचा हिशोब करत बसायचं नाही. तडक रुग्णालय.

तिरकी_नजर

डोळ्यांकडे वळू. एकाचे दोन दिसतात म्हटल्यावर लगेच ३-४-६ आठवायला लागायचं नाही. आधी एक डोळा झाकायला सांगा, मग दुसरा. एकच डोळा उघडा असतानाही दोन दिसत असतील तर दोष त्या डोळ्यातच आहे: चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू, कोरडेपणा. नर्व्हचा संबंध नाही. कोणताही एक डोळा झाकल्यावर प्रतिमा एक होत असेल तरच पुढे जायचं.

पुढची पायरी: कोणत्या दिशेला बघताना दोन प्रतिमा सर्वांत लांब जातात? त्या दिशेला नेणारा स्नायू दुबळा. दोन प्रतिमांपैकी बाहेरची, म्हणजे मध्यापासून जास्त लांबची, दुबळ्या डोळ्याची असते. त्या स्थितीत एकेक डोळा झाका; जो झाकल्यावर बाहेरची प्रतिमा नाहीशी होते तो दोषी. एवढ्यावर निम्म्याहून अधिक काम होतं.

सहावी एकच स्नायू चालवते, डोळा बाहेर नेणारा. चौथीही एकच, सुपीरियर ऑब्लिक. बाकीचे चार बाह्य स्नायू, वरची पापणी उचलणारा स्नायू आणि बाहुली आकसणारे तंतू तिसरीकडे. तिसरी पूर्ण गेली की पापणी पडते, आणि बोटाने उचलून पाहिलं तर डोळा खाली-बाहेर वळलेला असतो, कारण शिल्लक राहिलेल्या दोघांचीच ओढ उरते.

कुतूहल१२

म्हणजे तिसरी शुद्ध प्रेरक नाहीच? कोष्टकात तर ३ प्रेरक आहे.

तिरकी_नजर

प्रेरकच. पण दोन प्रकारची प्रेरक: इच्छेने हलणाऱ्या स्नायूंची आणि परानुकंपी, म्हणजे आपोआप चालणारी. आणि या दोन प्रकारच्या तंतूंची नर्व्हमधली जागा जीव वाचवू शकते. बाहुलीचे तंतू नर्व्हच्या वरच्या कडेला, सालीसारखे बसलेले असतात. रक्तवाहिनीचा फुगा बाहेरून दाबायला लागला की आधी साल चिरडते: बाहुली मोठी होते आणि प्रकाशाला दाद देत नाही. मधुमेहात गाभ्याचा रक्तपुरवठा अडतो, साल बऱ्याचदा वाचते. पापणी पूर्ण पडली, डोळा वळेना, तरी बाहुली छान आकसते. पहिल्या चित्रात, विशेषतः डोकेदुखीसोबत, त्याच दिवशी रक्तवाहिन्यांचं स्कॅन हवं. मात्र तिसरी अर्धवटच गेली असेल तर बाहुली ठीक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दाब वाढत गेला की तीही पुढच्या काही दिवसांत जाऊ शकते.

चौथीबद्दल: मेंदूच्या खोडाच्या मागच्या बाजूने निघणारी ही एकटीच. निघण्याआधी ती बाजूही बदलते. बारीक, आणि कवटीच्या आतला प्रवास सर्वांत लांब, त्यामुळे डोक्याला मार लागला की हिला हमखास दुखापत. तक्रार येते ती जिना उतरताना आणि वाचताना, कारण नाकाकडे वळलेल्या डोळ्याला खाली नेणं हे हिचं काम. रुग्ण नकळत डोकं विरुद्ध खांद्याकडे कलतं ठेवतो.

तिसरी गेलेली असताना चौथी शाबूत आहे का, हे कसं बघाल? डोळा नाकाकडे वळतच नाही, त्यामुळे नेहमीची चाचणी बाद. मग पापणी उचला, पांढऱ्या भागावरची एक ठळक लाल शीर हेरा आणि खाली बघायला सांगा. शीर नाकाच्या दिशेने गरकन फिरली तर चौथी जिवंत आहे. डोळा खाली गेला नाही तरी चालेल, फिरला पाहिजे.

नादकाटा

सुंदर. ती शीर हेरायची खूण फार जणांना माहीत नसते.

सहावीला एक इशारा जोडतो. कवटीतला दाब वाढला तर सहावी लुळी पडू शकते, जरी मूळ रोग तिच्यापासून लांब असला तरी. दोन्ही बाजूंची सहावी दुबळी दिसली तर तिच्यापाशी अडकू नका, डोळ्याचा पडदा बघा. दृष्टीच्या नर्व्हचं तोंड सुजलंय का ते तिथे दिसेल.

साधा_प्रश्न

दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या तर दुसरी की तिसरी?

तिरकी_नजर

दुसरी नक्कीच नाही. ही चूक फार होते. प्रकाशाची खबर दुसरी आणते, पण आकसण्याचा हुकूम दोन्ही डोळ्यांना सारखाच जातो. त्यामुळे एका बाजूची दुसरी पार गेली तरी बाहुल्या एकसारख्याच असतात. ती पकडायची तर टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर न्यावा लागतो. खोली अंधारी, नजर लांब भिंतीवर (जवळ बघितलं तर बाहुली त्यानेच आकसते), टॉर्च किंचित खालून, प्रत्येक डोळ्यावर साधारण २-३ सेकंद, आणि मधली उडी झटकन. आजारी डोळ्यावर प्रकाश आला की दोन्ही बाहुल्या आकसायच्या ऐवजी फाकतात. मधे रेंगाळलात तर बाहुली अंधारामुळेच फाकते आणि निकाल चुकतो.

चेताक्षर

पाचवी कोणीच घेत नाही, म्हणून मीच लिहितो. चेहऱ्याची संवेदना तीन पट्ट्यांत: कपाळ, गाल, हनुवटी. पण जबड्याचा कोन पाचवीकडे नाही! तो मानेतून येणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या नर्व्हचा. अर्धा चेहरा बधिर आहे म्हणणाऱ्याचा हा कोनही बधिर असेल, आणि सीमा अगदी मधोमध रेघ मारल्यासारखी असेल, तर एकट्या पाचवीवर ठपका ठेवू नका.

कापूस आणि टोचणी दोन्ही वापरा. स्पर्शाचे तंतू पॉन्समध्ये (मेंदूच्या खोडाचा मधला भाग) संपतात, वेदनेचे खाली मेडुलातून (खोडाचा खालचा भाग) मानेपर्यंत उतरतात. म्हणून मेडुलाच्या बाजूच्या भागाला रक्त मिळालं नाही तर चेहऱ्यावर त्या बाजूची टोचणी कळत नाही, कापूस मात्र कळतो. आणि अंगावरची टोचणी विरुद्ध बाजूला कळेनाशी होते. नुसता कापूस फिरवून ‘पाचवी ठीक’ लिहिलं तर हे निसटणारच.

कॉर्नियाची (बुबुळावरच्या पारदर्शक थराची) प्रतिक्रिया: कापसाचं टोक पिळून बारीक करा, रुग्णाला वर आणि विरुद्ध बाजूला बघायला लावा, बाजूने हळूच आणा. पापणीच्या केसांना लागलं तरी डोळा मिटतो, आणि पांढऱ्या भागाला लागलं तर खरी चाचणी होतच नाही. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढलेली हवी. उजवीकडे स्पर्श केल्यावर कुठलाच डोळा मिटला नाही, तर खबर गेली नाही: उजवी पाचवी. डावा मिटला पण उजवा नाही, तर खबर पोचली, हुकूम पोचला नाही: उजवी सातवी.

पडजीभ

या धाग्यात माझं नाव घेतल्याशिवाय भागणार नाही, तेव्हा हा प्रतिसाद. जबडा, जीभ आणि पडजीभ यांतलं कोण दुबळ्या बाजूला वळतं आणि कोण विरुद्ध, यात दरवेळी घोळ होतो. पाठ करू नका, स्नायू ढकलतो की ओढतो ते बघा.

जिभेचा जिनिओग्लॉसस जिभेला पुढे आणि पलीकडे ढकलतो. दोन्ही बाजूंनी सारखं ढकललं तर जीभ सरळ बाहेर येते. उजवा दुबळा झाला की डावा जिंकतो आणि जीभ उजवीकडे जाते. जबड्याचा बाहेरचा टेरिगॉइड तसाच ढकलणारा. म्हणजे जबडा आणि जीभ दुबळ्या बाजूकडे. टाळूचा स्नायू मात्र वर आणि स्वतःकडे ओढतो. रस्सीखेचीत जो शिल्लक तो ओढून नेतो, म्हणून ‘आ’ म्हटल्यावर पडजीभ निरोगी बाजूला. जन्मतःच किंचित वाकडी पडजीभ पुष्कळांची असते. तेव्हा टोकाकडे पाहू नका. ‘आ’ म्हणताना टाळूच्या दोन्ही कमानी सारख्या उचलल्या जातात का ते पाहा.

उजवा_डावा

+१. जिभेला एक जोड. सातवी दुबळी असेल तर ओठाचा कोपरा खाली लोंबतो आणि सरळ आलेली जीभही वाकडी भासते. बोटाने कोपरा वर उचलून धरा आणि नाकाच्या शेंड्याशी, समोरच्या दातांशी ताडून बघा. बाराव्या नर्व्हवर विनाकारण आळ येतो तो असा. आणि जिभेची थरथर बघायची ती तोंडात निवांत पडलेली असताना. बाहेर काढलेली जीभ कुणाचीही थरथरते.

कुतूहल१२

घशाला काडी लावून ओकारी आली नाही तर गिळणं धोक्याचं, असं धरायचं का?

पडजीभ

नाही. बऱ्याच निरोगी माणसांना ओकारी येतच नाही, आणि ती आली म्हणून गिळणं सुरक्षित ठरत नाही. स्पर्शाची खबर नववी नेते, आकुंचन दहावी करते. दोन्ही बाजूंना काडी ‘सारखी लागली का’ हे विचारणं ओकारीपेक्षा जास्त उपयोगाचं. गिळणं बघायचं तर माणूस पूर्ण जागा आणि ताठ बसलेला असावा. चमचाभर पाण्यापासून सुरुवात. खोकला आला, किंवा नंतर आवाज ओला, घशात पाणी असल्यासारखा झाला, तर तिथेच थांबा. गुंगीतल्या माणसावर हा प्रयोग करूच नये.

पातळ पदार्थ नाकातून परत येणं आणि नाकात बोलणं म्हणजे टाळू दोन्हीकडून ढिला. आवाज घोगरा आणि खोकला बिनधारेचा असेल तर दहावीची स्वरयंत्राकडे जाणारी शाखा. डावी शाखा छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून वळसा घालून वर येते, उजवी वरच्या वर वळते. लांब रस्ता, जास्त अपघात. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला घोगरेपणा घशापुरता समजू नका, छातीचं चित्र हवं.

नादकाटा

आठवी, म्हणजे ऐकण्याची नर्व्ह, माझी. काटा (ट्यूनिंग फोर्क) ५१२ हर्ट्झचा घ्या. १२८ चा हाडातली कंपनं जाणवण्यासाठी असतो, त्यावर ऐकण्याची चाचणी केली तर रुग्ण कंपनालाच ‘आवाज’ म्हणतो. काटा गुडघ्यावर किंवा कोपरावर मारा. टेबलावर आपटला तर वरचे बेसूर नादही निघतात.

रिने चाचणी: काटा कानामागच्या हाडावर टेका, ऐकू येणं थांबलं की कानासमोर आणा. पुन्हा ऐकू आलं तर हवेतून ऐकणं हाडापेक्षा चांगलं, म्हणजे नेहमीसारखं. हाडावरच जास्त ऐकू आलं तर वाट अडली आहे: मळ, पडद्यामागचं पाणी, हाडांची साखळी. वेबर चाचणी: काटा कपाळाच्या मध्यावर. अडलेल्या वाटेच्या बाजूला आवाज मोठा येतो. नर्व्ह गेलेली असेल तर चांगल्या बाजूला. विश्वास बसत नसेल तर एका कानात बोट घालून ‘हूं’ करून बघा, आवाज बंद कानात घुमेल.

आता फसवा भाग. एक कान ठार बहिरा असेल तर त्या बाजूला हाडावर ठेवलेला काटा पलीकडच्या चांगल्या कानाला ऐकू येतो. रुग्ण म्हणतो ‘हाडावर छान ऐकू येतं’ आणि तुम्ही लिहिता ‘वाट अडली’. वेबर चांगल्या कानाकडे गेला की हा घोळ उघड होतो, म्हणून एकटी रिने कधीच करू नये. एका कानाचं ऐकणं काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत गेलं, कानात मळ नाही आणि वेबर दुसरीकडे जातो, तर ‘सर्दीने दडा बसला असेल’ म्हणत आठवडा घालवू नका. उपचाराची संधी सुरुवातीच्या दिवसांतच जास्त असते.

साधा_प्रश्न

अकरावी राहिली. आणि पहिली?

चेताक्षर

अकरावी: मान डावीकडे वळवायला सांगा आणि हनुवटीला हाताने अडवा; *उजवा* स्टर्नोमास्टॉइड (मानेच्या बाजूचा लांब स्नायू) ताठतो. बाजू उलटी असते एवढंच ध्यानात ठेवा. खांदे उचलण्याला वरून दाबून विरोध करा. मानेच्या बाजूची गाठ काढल्यानंतर हात खांद्याच्या वर उचलता येईना, तर पहिला संशय हिच्यावर.

पहिली: डोळे मिटून, एक नाकपुडी दाबून, कॉफी किंवा साबण. नाव सांगता आलं नाही तरी चालेल, वास येतोय आणि दोन वेगळे आहेत एवढं कळलं पुरे. अमोनिया किंवा स्पिरिट वापरू नका; ती झोंबतात आणि झोंबणं पाचवीला कळतं, त्यामुळे वास गेलेला माणूसही नाक मुरडतो. आधी नाक मोकळं आहे ना ते बघा. ‘चव गेली’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांचा वास गेलेला असतो. जिभेवर मीठ-साखर कळतंय का ते विचारलं की फरक कळतो.

कुतूहल१२

शेवटचं एक. बारा हा आकडा कुणी ठरवला?

तिरकी_नजर

आज चालते ती क्रमवारी सोमेरिंग या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने १७७८ साली मांडली. त्याआधी गॅलेन या प्राचीन वैद्याच्या मोजणीत सात जोड्या होत्या, तर इंग्रज डॉक्टर थॉमस विलिसच्या १६६४ च्या ग्रंथात सातवी-आठवी एकच धरलेली, नववी-दहावीही एकत्र. कवटीतून जोडीने बाहेर पडतात त्या त्यांनी एक मोजल्या, यात त्यांचं फार चुकलं असं नाही. नववी, दहावी आणि अकरावी आजही एकाच छिद्रातून निघतात आणि तिथे गाठ वाढली तर तिघी एकदम जातात.